दुखवट्यातलं होम थिएटर

इझाबेलबाईंशी मी पहिल्यांदा बोलले ती भांडायला गेले म्हणून.

त्यांच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर इझाबेलबाईंना चालेल, त्यांच्या दिराला चालणार नाही, आणि मला रोज त्याच रस्त्याने भाजी आणायला जावं लागतं. वसई पश्चिमेला केळीच्या आणि फुलांच्या वाड्या जिथे अजून टिकून आहेत, तिथल्या एका वाडीचा तुकडा विकला गेला आणि त्यावर आमची चार मजली इमारत उभी राहिली, एवढं कळलं तरी पुरे. मी आशालता, पोस्टातून रिटायर झालेली. आवाजाची मला मनापासून चीड आहे. गणपतीत डीजे लागला की पोलिसांना फोन करणारी बाई ती मीच. आमचे हे, सदानंद, या बाबतीत माझे कोणी लागत नाहीत असं चेहऱ्यावर आणून लिफ्टमध्ये उभे राहतात.

नोव्हेंबरातला रविवार होता. दुपारी जेवून जरा आडवी झाले, तर मांडणीवरच्या ताटल्या थरथरायला लागल्या.

"भूकंप असेल," सदानंद पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

पालघर जिल्ह्यात राहणाऱ्याला भूकंपाचं काही नवल नाही. पण भूकंप ठेका धरून येत नाही. हा अगदी समेवर येत होता. गॅलरीत जाऊन कान दिला तर आवाज खालच्या कौलारू घरातून, इझाबेलबाईंच्या घरातून. मग तर मला दोन गोष्टींचा राग आला. एक म्हणजे माझी झोप. दुसरं म्हणजे ते घर दुखवट्यात होतं. त्यांचे यजमान गॉडफ्रे ऑगस्टमध्ये गेले होते. आमच्या गॅलरीतून मी ती शवपेटी निघताना पाहिली होती, हात जोडले होते. इथल्या जुन्या ख्रिस्ती घरांत माणूस गेलं की वर्षभर गाणं-बजावणं बंद असतं. टीव्हीवर कापड पडतं, बायका काळे कपडे घालतात, नाताळात दारावर तारा लागत नाही. लग्नाला गेलंच तर आशीर्वाद देऊन, जेवून परत यायचं, बँडसमोर उभं राहायचं नाही. हे सगळं मला भाजीवालीने सांगितलेलं. आणि इथे चार महिनेही झाले नव्हते तर तबला वाजतोय.

मी पदर खोचून खाली उतरले.

दार इझाबेलबाईंनीच उघडलं. उंच, हाडापेराने मजबूत बाई, काळा पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले. माझं तोंड बघूनच त्यांनी ओळखलं.

"आवाज जास्त झाला काय?"

"भांडी पडायची बाकी आहेत माझी."

"कसली भांडी? स्टीलची?"

"स्टीलची."

"मग काय होत नाय. मी जन्मभर स्टीलच कापलंय. आत या."

भांडायला आलेल्या माणसाला आत या म्हटलं की निम्मं भांडण तिथेच संपतं. मी चप्पल काढली.

आत गेले आणि बघतच राहिले. खोली तशी साधी. समोरच्या भिंतीवर आल्तार, म्हणजे त्यांचा देव्हारा. येशूची तसबीर, मेणबत्त्या, कागदी फुलं. आल्तारच्या खाली टीव्ही, आणि टीव्हीवर पांढरं कापड, चारी बाजूंनी नीट खोचलेलं. पण त्या झाकलेल्या टीव्हीच्या दोन्ही बाजूंना छातीएवढे उंच दोन काळे स्पीकर. टीव्हीच्या पुढ्यात एक आडवा स्पीकर. मागच्या भिंतीला, खिडकीच्या वर, आणखी दोन. आणि कोपऱ्यात तांदळाच्या पिंपाएवढा एक खोका, तो वूफर. माझ्या ताटल्या हलवणारा गुन्हेगार हाच.

"टीव्हीवर कापड तर आहे," मी म्हटलं.

"आहे ना. कापड डोळ्यांचं आहे. कानांचं कोण काय बोललं?"

हे सांगताना बाई हसल्या नाहीत. मला मात्र हसू आलं, आणि राग घेऊन आलेल्या बाईला हसू आलं की ती कामातून गेली.

खोलीच्या मधोमध एकच वेताची आरामखुर्ची होती. ती गॉडफ्रेंची. ते गेल्यापासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं, वर्षभर बसायचंही नव्हतं. पण वसई पूर्वेच्या एव्हरशाईन भागातल्या दुकानातून जो माणूस स्पीकर बसवायला आला, त्याने भिंती मोजल्या, कोन लावले, आणि सगळे आवाज नेमके जिथे येऊन मिळतात ती जागा काढली. ती जागा त्या खुर्चीवर येत होती. तो म्हणाला, खुर्ची हलवू का? इझाबेलबाई म्हणाल्या, खुर्ची कशाला हलवायची, मीच बसते.

"पयल्यांदा बसले तेव्हा रडले," त्या मला म्हणाल्या. "मग गाणं सुरू झालं. रडत रडत ऐकलं. दोन्ही होतं एका टायमाला. तुम्ही बसा आता."

मी नको नको म्हणत बसले. त्यांनी रिमोट दाबला.

आता खरं सांगायचं तर आवाज म्हणजे मोठा किंवा लहान, एवढंच मला आजवर माहीत होतं. आवाजाला जागा असते हे कोणी सांगितलं नव्हतं. एका मैफिलीचं रेकॉर्डिंग होतं. तानपुरे दोन होते, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि दोघांचा स्वभाव वेगळा होता. गाणारीने सूर लावण्याआधी श्वास घेतला, तो माझ्या समोर, हाताच्या अंतरावर. तबलजीने हातोडीने एक गट्टू ठोकला तो स्पष्ट ऐकू आला. आणि माझ्या मागे कोणीतरी खोकलं. मी वळून पाहिलं. मागे फक्त भिंत. इझाबेलबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, माझ्याकडे बघत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी अजून विसरलेले नाही. आपण शोधलेली गोष्ट दुसऱ्याला सापडली की माणसाला होतो तसा.

पण मी पडले पोस्टातली. खोट काढल्याशिवाय पावती देत नाही.

"तो कोपऱ्यातला खोका फार बडबडतो," मी म्हटलं. "तबल्याचा डग्गा नुसता घुमतोय. हौदात बसून वाजवल्यासारखा."

त्यांनी मान हलवली. "मलापण वाटलं. पण मला वाटलं माझेच कान."

मग आम्ही दोघी बायका, साठी ओलांडलेल्या, तो जड खोका कोपऱ्यातून ओढत पुढे आणायला लागलो. वीतभर सरकवायचा, ऐकायचं, परत सरकवायचा. कोपरा सुटला तसा डग्गा ताळ्यावर आला. घरी आले तेव्हा सदानंदांनी विचारलं, "झालं भांडण?" मी म्हटलं, "झालं. आता मांडणीला हात लावून बघा, ताटल्या गप्प आहेत."

ही झाली ओळख. पुढे शनिवार-रविवार मी जायला लागले, आणि हळूहळू मला बाईंचं आयुष्य कळत गेलं. घरची केळीची बाग, पण बागेत दोन भावांची कुटुंबं पोसणार कशी? म्हणून लग्नानंतर लवकरच त्या वालीवला कामाला लागल्या. एका कारखान्यात स्टीलचे डबे होत, तिथे पत्रा कापणाऱ्या प्रेसवर. सकाळी बसने स्टेशन, पलीकडून रिक्षा, आणि मग दिवसभर धाड, धाड, धाड. कानात घालायला कापूस, एवढीच कंपनीची सोय. घरी आल्यावर भाताचा कुकर शिट्टी द्यायचा तरी डोकं फुटायचं. त्यामुळे घरात कधी मोठ्याने रेडिओ नाही, टीव्हीचा आवाज खाली. गॉडफ्रे बिचारे सिनेमा बघायचे तो खालची अक्षरं वाचून.

"माणूस चांगला होता," त्या म्हणायच्या. "माझ्यासाठी त्याने घर गप्प ठेवलं. कधी बोलून दाखवलं नाय."

नोकरी संपली, डोकं शांत झालं, आणि गाणं ऐकावंसं वाटायला लागलं. तेव्हा लक्षात आलं की चिमण्या गेल्यात. बाई मुलीला म्हणाल्या, हल्ली चिमण्या येत नाहीत गं. मुलगी, मर्लिन, नायगावला जूचंद्रच्या बाजूला राहते, ती म्हणाली, मम्मी, ही काय, खिडकीत ओरडतायत.

कानाच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की यंत्राच्या आवाजाने नस मरत गेली आहे आणि पुढेही मरत जाईल. आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात, मग हळूहळू खालचे. मशीन लावलं तर बोलणं कळेल, पण गाणं गाण्यासारखं लागेल याची खात्री नाही. जे काही ऐकायचं आहे ते ऐकून घ्या, असं तो म्हणाला. हे झालं गेल्या वर्षी. मग गॉडफ्रे आजारी पडले, त्यात सगळं राहून गेलं. आणि ते गेले तेव्हा गावाने म्हटलं, आता वर्षभर थांब.

"आशाबाई, मी गावासाठी थांबेन," त्या म्हणाल्या. "कान थांबतील काय? पुढच्या ऑगस्टात मला काय येणार ऐकायला? कुकरची शिट्टीपण नाय."

मी म्हटलं, "मग हे सांगा ना त्यांना. तुमच्या दिरांना सांगा."

"नाय. तुम्हालापण सांगते, कुणाकडे बोलू नका. कीव आली की माणसं तोंडाजवळ येऊन ओरडतात. मला ते नको."

मला ते पटलं नाही. तेव्हा तरी नाही. मी मनात म्हटलं, बाई हट्टी आहे, सोपं सोडून अवघड करते. पण तोंड बंद ठेवलं. माझ्यासारखीने तोंड बंद ठेवलं हे सदानंदांना सांगितलं तर त्यांना खरं वाटायचं नाही.

कापड निघालं ते डिसेंबरच्या सुरुवातीला. एकदा गाण्याची चव लागल्यावर बाईंना सिनेमा बघायचा होता. त्यांनी आल्तारसमोर क्रूसाची खूण केली, गॉडफ्रेंच्या फोटोला म्हणाल्या, "आता तूपण अक्षरं वाचू नकोस," आणि कापड घडी करून कपाटात ठेवलं. तो पहिला सिनेमा आम्ही दोघींनी पाहिला. मधल्या आडव्या स्पीकरमधून फक्त बोलणं येतं. पाऊस बाजूला पडतो, गाड्या मागून पुढे जातात, पण माणूस बोलतो तो समोरून, मोकळा. बाई अर्ध्यात सिनेमा थांबवून माझ्याकडे वळल्या.

"किती वर्षं मला वाटत होतं, हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात!"

त्या संध्याकाळी मी घरी येऊन आमच्या टीव्हीकडे बघितलं तर तो मला डब्यात कोंडल्यासारखा वाटला. संगत वाईट.

गावात अर्थातच कुजबूज सुरू झाली होती. वाडीच्या पलीकडे इझाबेलबाईंच्या दिराचं घर, लेस्लीचं. लेस्ली हा गावातला वजनदार माणूस. गावात कोणाच्याही घरी रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असली की ती तो सांगतो, कोणी वारलं की देवळापासून स्मशानापर्यंत सगळी व्यवस्था तो बघतो. चर्चला इथे देऊळच म्हणतात. माणूस वाईट नाही, हे मी त्याच्या बाजूनेही सांगते. मोठ्या भावाच्या आजारपणात रात्रंदिवस उभा होता. पण ज्याच्या हातून गावाचे रिवाज चालतात, त्याला आपल्याच घरात रिवाज मोडलेला सहन होत नाही. तो आधी गोडीने आला. मग मर्लिनला फोन केला. मर्लिन आईला म्हणाली, मम्मी, हेडफोन घे ना, तुझंपण राहील आणि काकांचंपण.

"जन्मभर कानाला चिकटलेला आवाज ऐकला," बाई म्हणाल्या. "आता मला खोलीत ऐकायचाय. छातीला लागला पाहिजे."

लेस्लीने फादरांकडेही गाऱ्हाणं नेलं. फादर म्हणाले, चर्चचा असा नियम नाही, हा गावाचा रिवाज आहे, तुम्ही आपसात बघा. त्यावर लेस्लीने शेवटचा निरोप पाठवला. बंद केलं नाही, तर गॉडफ्रेच्या वर्षाच्या मिस्सेला आमच्यातलं कोणी येणार नाही.

हे काय असतं ते मला बाहेरच्या माणसाला आधी कळलं नाही. वर्षाची मिस्सा म्हणजे गेलेल्या माणसासाठी देवळात होणारी प्रार्थना, वर्षश्राद्धासारखी. पहिल्या बाकावर नवऱ्याकडचे सगळे बसतात, नंतर घरी जेवण होतं, आणि त्या दिवशी विधवेचा दुखवटा सुटतो. तो सोडवायला सासरचं माणूस लागतं. ते बाक रिकामं राहिलं तर गावाला वेगळं सांगावं लागत नाही. ही बाई आमची नाही हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. बाईंना लग्न होऊन आल्यापासून दुसरं घर नव्हतं. हा निरोप ऐकला त्या दिवशी त्यांनी काही लावलं नाही. मी गेले तर खुर्चीत बसून होत्या, समोर स्पीकर गप्प. मला वाटलं, संपलं, हरल्या.

दुसऱ्या दिवशी तबला सुरू होता.

मग तो शनिवार आला. सूर्य मावळायला आला होता. सिनेमा एका खेडेगावातल्या कुटुंबाचा होता, संथ, बराचसा शांत. त्यात म्हातारा मरतो आणि चर्चची घंटा वाजते. एक टोल, मग थांबायचं, मग एक टोल. वूफर आम्ही इतका छान बसवला होता की ती घंटा खोलीत नव्हती, वर कुठेतरी उंच मनोऱ्यावर होती. खिडक्या उघड्या होत्या. आम्हा दोघींचे डोळे पाणावलेले. बाई तर घंटेच्या प्रत्येक टोलाला क्रूसाची खूण करत होत्या.

आम्हाला सुचलं नाही ते एवढंच, की या गावातही माणूस गेलं की देवळातली घंटा अशीच वाजते. एक टोल, मग थांबायचं. ती ऐकली की हातातलं काम टाकून लोक रस्त्यावर येतात आणि एकमेकांना विचारतात, कोण गेलं?

आधी अंगणात आवाज आले. मग दारात लेस्ली. वाडीत पाणी लावत होता तसाच आलेला, पाय चिखलाने भरलेले, टोपी काढून छातीशी धरलेली. त्याच्या मागे माणसं. लोकांनी घंटा ऐकली, देवळाकडे धावले, देवळाचं दार बंद. मग कोणीतरी म्हणालं, अंथरुणाला खिळलेला टोनीमामा गेला असणार. टोनीमामाची सून फुलांच्या वाडीतून रडत घरी पळाली, तर टोनीमामा खाटेवर उठून बसलेला, तो तिलाच विचारतो, कोण गेलं? मग सगळे आवाजाच्या मागावर इथे आले. आणि त्यांच्यासमोर टीव्हीवर, म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेत, घंटा परत वाजत होती.

काही पोरींना हसू फुटलं. लेस्लीला नाही. त्याचा चेहरा काळवंडला.

पुढचं बोलणं त्यांच्या घरच्या बोलीत झालं. ती मला समजते पण जिभेवर बसत नाही, म्हणून माझ्या मराठीत सांगते.

"वयनी, बंद कर," लेस्ली म्हणाला.

बाईंनी सिनेमा बंद केला. "घंटेचं चुकलं. खिडकी लावायला पाहिजे होती. टोनीमामाची मी माफी मागते, उद्या जाऊन मागते."

"घंटेचं सोड. हे सगळं बंद कर. भावाची माती अजून सुकली नाही."

"सुकली की नाही ते मला माहीत आहे. रोज फुलं घेऊन मी जाते."

"मग लाज कशी वाटत नाही? त्याच्या खुर्चीत बसतेस, काळे कपडे घालतेस आणि नाटक-सिनेमे बघतेस. आमच्या आईने वर्षभर मान वर केली नव्हती."

"तुझी आई मला काय म्हणाली होती ठाऊक आहे? वर्षभर मला कोणी हसू दिलं नाही, म्हणाली. मग हसायची सवयच गेली."

लेस्लीने आवाज खाली आणला, आणि तो खाली आलेला आवाज जास्त भीतीदायक होता.

"मी शेवटचं विचारतो. वर्षाच्या मिस्सेला आम्ही यायचं की नाही?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, तिचे कान जातायत. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की शब्द ओठांवरच राहिले.

"यायचं की नाही ते तू ठरव. माझ्या नवऱ्याची मिस्सा मी एकटी ऐकेन. पण आधी ऐका सगळ्यांनी. मी घरात काय पाप करते ते ऐका, आणि मग बोला."

त्यांनी रिमोट उचलला. एकट्या व्हायोलिनचा एक तुकडा त्यांनी लावला. लोक दारात, खिडक्यांशी, पायऱ्यांवर. व्हायोलिन खाली, जाड तारेवर सुरू झालं. लाकडाचा आवाजही येत होता. हळूहळू ते वर चढायला लागलं. इथल्या लोकांना व्हायोलिन परकं नाही, देवळात दर रविवारी वाजतं. पण असं त्यांनी ऐकलं नव्हतं. खिडकीतल्या बायकांनी कुजबूज थांबवली. एका म्हाताऱ्याने डोळे मिटले. लेस्ली टोपी हातात घेऊन तसाच उभा. व्हायोलिन आणखी वर गेलं, अगदी बारीक झालं, आणि तिथे, त्या सगळ्यात वरच्या सुरावर, ते थरथरत राहिलं.

इझाबेलबाईंनी मान खाली केली, क्षणभर थांबल्या आणि लेस्लीकडे वळल्या.

"झालं. संपलं," त्या म्हणाल्या. "आता सांग, यात काय पाप आहे?"

व्हायोलिन वाजत होतं. खोलीभर, अंगणभर, लख्ख वाजत होतं.

"बोल ना. एवढ्या लोकांसमोर विचारते. बोल."

लेस्लीने स्पीकरकडे पाहिलं. मग वहिनीकडे. खिडकीतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. बाईंची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरली, शेवटी माझ्यावर आली. मला रडू आवरत नव्हतं. त्यांना कळलं. मी ते कळताना पाहिलं. रंग उतरला चेहऱ्याचा, ओठ घट्ट झाले, पण मान होती तशीच ताठ राहिली.

"वाजतंय अजून?" त्यांनी लेस्लीला विचारलं.

"वाजतंय," लेस्ली म्हणाला. "वयनी, कधीपासून?"

"वालीवपासून. बारीक आवाज गेलेत. सगळे जाणार आहेत."

लेस्ली दोन पावलं आत आला. डोळे भरलेले. तो तिच्या कानाजवळ वाकला आणि मोठ्याने, सुटं सुटं करून बोलला, "आधी सांगायचं होतंस गं. कान जातायत म्हणाली असतीस, तर तुला कोणी अडवलं असतं काय? ऐक तू. पाहिजे तेवढं ऐक. मिस्सेला आम्ही सगळे येऊ."

जिंकल्या, असं मला वाटलं. लोकही सुटल्यासारखे हलले. इझाबेलबाई मात्र एक पाऊल मागे सरकल्या.

"ओरडू नको, मला येतं ऐकायला. आणि म्हणूनच सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझे कान ठणठणीत असते, लेस्ली, तरीपण मी हे लावलंच असतं. ते चालत असेल तर या मिस्सेला. नाहीतर नका येऊ."

त्यांनी रिमोट उचलला आणि व्हायोलिन पहिल्यापासून लावलं, आधीपेक्षा मोठ्याने.